रतनबाईंना दिलेलं उत्तर

कानिफनाथ मरकड आयसीयूमधून वॉर्डात आले तेव्हा त्यांच्या नाकात नळी होती, पोटाला हातभर पट्टी होती, आणि तरी त्यांचं तोंड चालू होतं. स्ट्रेचर ढकलणाऱ्या मामांना ते सांगत होते, "वळनावर हळू घे बाबा. मागची चाकं ओढत्यात."

पाथर्डी डेपोत एसटीचे ड्रायव्हर म्हणून त्यांनी अख्खी नोकरी काढली होती. निवृत्त झाल्यावर तिसगावजवळच्या आपल्या गावी राहत होते. मुलगा सुनील शेती आणि गाई बघायचा. नोकरीनं दिलेली कंबरदुखी तेवढी त्यांच्यासोबत घरी आली होती. तिच्यासाठी ते मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणायचे आणि उपाशीपोटी चहासोबत घ्यायचे. वर्षानुवर्षं घेतल्या. शेवटी जठराला भोक पडलं. पोट लाकडासारखं कडक झाल्यावरही त्यांनी एक दिवस अंगावर काढला आणि मग कुठं मुलाला म्हणाले, "जरा नगरला दाखवून येऊ."

डॉ. लोंढ्यांनी रात्रीतच ऑपरेशन केलं. पोटात पू झाला होता. पहिले दोन दिवस जीव वरखाली होता, मग सावरला.

सर्जिकल वॉर्डाची इन्चार्ज होती अश्विनी साळवे. नेवासा तालुक्यातली, घोडेगावची. नर्सिंग करून नगरच्या या ट्रस्टच्या रुग्णालयात लागली आणि इथंच तिचं लग्न, घर, सगळं झालं. तिचं गाव कळल्यावर कानिफनाथांनी लगेच ओळख काढली.

"घोडेगाव म्हंजे आपला रूट. फाट्यावर शाळंच्या पोरी हुभ्या असायच्या. गाडी भरलेली असली तरी थांबायचो. कंडक्टर बोंबलायचा मागनं."

"मीही असेन त्यात," अश्विनी म्हणाली.

"असशील. आता ड्रायव्हरला कुठं वं तोंडं ध्यानात ऱ्हात्यात? त्याला समोरचा रस्ताच दिसतो."

त्यांच्या उशाशी बसलेल्या रतनबाई हसल्या. त्या कमी बोलायच्या. नवऱ्याच्या कपाळावरचा घाम पुसायच्या, पायावरची चादर सारखी करायच्या, आणि नर्स काही करत असली की हातातलं काम थांबवून लक्ष देऊन बघायच्या. सुनील रात्री थांबायचा. दिवसभर रतनबाईच असायच्या.

पोट उघडून ऑपरेशन झालेल्या माणसाला लवकरात लवकर उठवायचं, हे अश्विनी इतक्यांदा करत आली होती की तिला त्यात वेगळं काही वाटायचं नाही. त्रास नातेवाइकांना समजावण्याचाच असायचा. पोट फाडलेल्या माणसानं हलू नये, टाके उसवतात, ही समजूत घराघरांत पक्की. रतनबाईही तेच म्हणाल्या. वॉर्डात आल्याच्या दिवशी त्यांनी उठवू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला डॉ. लोंढ्यांनी नाकातली नळी काढली. "आज चालवा यांना," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

अश्विनी रतनबाईंच्या शेजारी स्टूल ओढून बसली.

"मावशी, टाके नाही उसवत. मी पोटाला पट्टा बांधणार आहे. पण हे असेच पडून राहिले तर छातीत कफ साठेल. पायातलं रक्त एका जागी राहून गोठतं. त्याची गाठ वर सरकली तर फार वाईट. चाललं की रक्त फिरतं राहतं."

"आमाला काय कळतं त्यातलं," रतनबाई म्हणाल्या. "पन लई अशक्त झालेत वं."

"मी धरून चालवणार आहे. एकटे नाही."

कानिफनाथ डोळे मिटून ऐकत होते. "बसून जन्म गेला माझा," ते म्हणाले. "आता चालून काय करायचंय?" पण त्या दिवशी त्यांच्या बोलण्यात नेहमीचा जोर नव्हता.

अश्विनीनं तपासायला घेतलं. ताप नव्हता. बीपी चांगलं होतं. बोटाला लावलेल्या चिमट्यावर ऑक्सिजन ठीक दिसत होता. पोट मऊ होतं, लघवी नीट होत होती. तिनं दोन्ही पोटऱ्या हातानं चाचपल्या, सूज आहे का बघितलं.

"बाबा, पाय दुखतो का कुठं?"

"न्हाई," कानिफनाथ म्हणाले.

"पोटरी जड वाटते?"

"न्हाई म्हनलं ना. पाय ठनठनीत हायेत. क्लच दाबून दाबून लोखंड झालंय."

एवढी एकच गोष्ट होती की नाडी शंभरच्या जरा वर होती. बरोबर असलेल्या निकितानं ती लिहिली आणि हळू आवाजात विचारलं, "मॅडम, थोडी जास्त आहे. उद्या बघायचं का?"

निकिता नवीन होती. तिचा प्रश्न चुकीचा नव्हता, म्हणून अश्विनीनं तो झटकून टाकला नाही. तिनं विचार केला. एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी नाडी थोडी चढी असते. दुखत असलं की चढते. माणूस घाबरलेला असला तरी चढते. ताप नाही, दम नाही, पोट बिघडलेलं नाही. उलट उठवायला आणखी एक दिवस गेला तर तोच दिवस अंगावर येईल. तिनं दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि थांबली. अर्ध्या तासानं नाडी शंभरच्या आत आली.

"दुखत होतं म्हणून," ती निकिताला म्हणाली. "आता उठवू."

कानिफनाथ मात्र तयार होईनात. डोळे उघडून पुन्हा मिटले. शेवटी रतनबाई पुढं झाल्या. कालपर्यंत त्यांनीच अडवून धरलं होतं, आणि आता त्याच म्हणाल्या, "उठा आता. सिस्टर येवढं सांगत्यात तर त्यांचं ऐका. किती दिवस असं पडून ऱ्हायचं?"

बायकोनं म्हटल्यावर ते उठले.

आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवलं. चक्कर आली का विचारलं. नाही म्हणाले. मग उभं केलं. एका बाजूनं अश्विनी, दुसऱ्या बाजूनं निकिता. लघवीची पिशवी धरून रतनबाई मागं. खिडकी लांब नव्हती. वॉर्डातले सगळे बघत होते. कोणीतरी म्हणालं, "जमलं की, मरकड मामा." कानिफनाथांनी मान डोलावली. खिडकीपाशी पोचल्यावर त्यांनी गज धरला आणि बाहेर बघितलं.

"गार वारं हाय," ते म्हणाले.

"बरं वाटतं ना?"

"व्हय." आणि मग लगेच, वेगळ्याच आवाजात, "सिस्टर, दम लागला."

अश्विनीनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ओठ राखेसारखे झाले होते. मानेवरच्या शिरा फुगल्या होत्या. तिनं त्यांना आपल्या अंगावर घेत खाली बसवलं, आणि बसवेपर्यंत त्यांचं भान गेलं होतं. नाडी लागेना. तिथंच फरशीवर तिनं छाती दाबायला सुरुवात केली. निकिता धावत गेली. डॉक्टर आले, नळी घातली, इंजेक्शनं दिली, हात बदलत बदलत छाती दाबणं चालू ठेवलं. ताज्या टाक्यांमधून पट्टीवर लाल डाग पसरत गेला. बऱ्याच वेळानं डॉ. लोंढ्यांनी अश्विनीच्या खांद्याला हात लावला, तेव्हा ती थांबली.

रतनबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. पिशवी त्यांच्या हातात तशीच होती. नळी मध्येच निघाली होती हे त्यांना कळलं नव्हतं. अश्विनीनं जाऊन ती त्यांच्या हातातून सोडवून घेतली.

डॉ. लोंढ्यांनी सुनीलला बोलावून घेतलं. "फुफ्फुसात रक्ताची गाठ गेली असणार," ते म्हणाले. "अचानक होतं. नक्की बघायचं तर पोस्टमॉर्टेम करावं लागेल."

सुनीलनं वॉर्डाच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाला, "नको साहेब. आता आनखी काय कापू नका त्यांना."

त्यामुळं ते 'असणार' तसंच राहिलं.

संध्याकाळी गावाकडून आलेली माणसं जिन्यात उभी होती. शवाच्या गाडीची वाट बघत होती. अश्विनी घरी निघाली तेव्हा त्यांच्यातून एक आवाज आला, तिला ऐकू जावा एवढ्या जोरानं नाही आणि जाऊ नये एवढ्या हळूही नाही. "चांगला बोलत हुता. उठवला आन गेला."

पुढच्या आठवड्यात मेट्रननं सगळ्यांना बसवून काय झालं ते ओळीनं विचारलं. तपासण्या बघितल्या, औषधं बघितली. रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन वेळेवर सुरू झालं होतं. उठवायच्या आधी जे जे बघायचं ते बघितलं होतं. डॉ. लोंढे म्हणाले, "तिच्या जागी मी असतो तर मीही उठवलं असतं." मेट्रननं अश्विनीच्या हातावर हात ठेवला. कुठंच काही चुकलेलं नव्हतं.

घरी नवऱ्यानं, सम्राटनं, विचारलं, "म्हणजे तुझा दोष नाही म्हणाले ना सगळे?"

"हो."

"मग?"

मग काय ते तिला सांगता येईना. तिला तो निर्णय पुन्हा पुन्हा घ्यावासा वाटत होता. प्रत्येक वेळी ती त्या नाडीपाशी येऊन थांबायची. इंजेक्शन दिलं, नाडी खाली आली, उठवलं. दुखण्यानं चढलेली नाडी आणि गाठीनं चढलेली नाडी बोटांना सारखीच लागते. थांबली असती तर? पण थांबण्याचं कारण काय होतं? कारण नव्हतंच. ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

तिचं काम बदलत गेलं, ते तिच्या आधी निकिताच्या लक्षात आलं. उठवायच्या पेशंटपाशी अश्विनी रेंगाळायला लागली. नाडी दोनदा मोजायची, तिसऱ्यांदा मोजायची. "डॉक्टर येऊ दे, मग उठवू," म्हणायची. पूर्वी तिनं असं कधी म्हटलं नव्हतं. डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकले की दिवस तसाच जायचा. कोणी तिला विचारलं नाही. सगळ्यांना कारण माहीत होतं, आणि म्हणूनच कोणी बोललं नाही.

गोजरबाई नावाच्या एक म्हाताऱ्या होत्या. पारनेरकडच्या. पोटाचा मोठा हर्निया होता, त्याचं ऑपरेशन झालं होतं. वजनाला जड, स्वभावानं घाबरट. "आज नको गं बाई," म्हणायच्या, आणि अश्विनी लगेच म्हणायची, "बरं, उद्या." सून काही बोलायची नाही. असे दोन 'उद्या' झाले. तिसऱ्या दिवशी गोजरबाईंना ताप चढला, श्वास लागला. छातीच्या फोटोत डाव्या बाजूला खाली पांढरं दिसलं, म्हणजे कफ साठला होता.

डॉ. लोंढ्यांनी फोटो दिव्यासमोर धरला आणि बाजूला उभ्या असलेल्या अश्विनीला विचारलं, "किती चालल्या या?"

"नाही चालल्या."

त्यांनी फोटो खाली ठेवला. औषध लिहिलं, ऑक्सिजन लावायला सांगितला. जाताना दारात थांबले. "अश्विनी, तू उठवलंस तरी माणसं दगावतील. नाही उठवलंस तरी दगावतील. पण नाही उठवलंस तर जास्त." आवाजात राग नव्हता. ती खाली बघत "हो सर" म्हणाली.

गोजरबाईंचा श्वास त्या दिवसांत घरघर वाजायचा. अश्विनी तिथून जाताना तो ऐकत जायची.

त्याच आठवड्यात एके दुपारी सुनील वॉर्डाच्या दारात उभा दिसला. डोक्यावरचे केस नुकते वाढायला लागले होते. मृत्यूच्या दाखल्यावर बापाचं नाव 'कानिफ' एवढंच पडलं होतं. ते दुरुस्त करायला रुग्णालयाचा कागद लागत होता.

"आईबी आलीय," तो म्हणाला. "म्हनली, मलाबी यायचंय. खाली बाकावर बसलीय. तुमाला भेटायचं म्हनती."

अश्विनीनं हातातली फाइल खाली ठेवली. "कशा आहेत मावशी?"

सुनीलनं इकडंतिकडं बघितलं. "झोपत न्हाई. जेवत न्हाई. परवा पहाटं अंथरुनात न्हवती. शोधत गेलो तर हिरीच्या काठावर बसलेली. काय करती म्हनलं, तर म्हनली, कायबी न्हाई, गार वाटतंय हितं." तो थांबला. "आता रेश्माला तिच्याजवळ झोपवतो. माझ्या बायकोला. पन किती दिवस राखायचं मानसाला?"

तो कागदाच्या रांगेकडे गेला आणि अश्विनी खाली उतरली.

आवारातल्या लिंबाखालच्या बाकावर रतनबाई बसल्या होत्या. अश्विनीनं त्यांना लांबूनच बघितलं, पेशंट बघतो तसं. गालफडं बसली होती. ब्लाउज खांद्यावरून ओघळत होता. हात मांडीवर ठेवलेले होते, पण अंगठे एकसारखे एकमेकांवर फिरत होते. अश्विनी शेजारी बसली, तरी त्यांनी मान वळवली नाही.

"सुनील यायच्या आत बोलते," त्या म्हणाल्या. "त्याला ठावं न्हाई. कुनालाच न्हाई."

"बोला मावशी."

"त्या दिशी सकाळी त्यांची पोटरी दुखत हुती. डावी. पहाटंपास्नं. मला म्हनले, जड झालीय, जरा दाब. मी दाबली." अंगठे थांबले. "लई येळ दाबली. तेल न्हवतं, तशीच कोरडी रगडली. बरं वाटतंय म्हनले. मी म्हनलं, सिस्टरला सांगते. तर म्हनले, अजाबात सांगू नको. परत फोटो काढत्याल, परत चार दिस ठेवत्याल. मला घरी जायचंय. तुमी इचारलं तवा ते न्हाई म्हनले, आन मी तिथंच हुते. बोलले न्हाई."

अश्विनीला आजूबाजूचं काही ऐकू येईनासं झालं. रिक्षा, ओपीडीतला गोंगाट, सगळं मागं गेलं.

"तुमीच म्हनला हुता ना, पायात रक्त गोठतं, त्याची गाठ वर सरकती. ते माझ्या डोक्यातनं जात न्हाई. मी रगडली त्याच्यानं सरकली का? आन मी तवाच तोंड उघडलं असतं तर?" आता रतनबाईंनी तिच्याकडे बघितलं. "मला खरं सांगा. मी घरात कुनाला इचारू शकत न्हाई."

खरं काय ते अश्विनीला त्याच क्षणी कळलं होतं. पोटरी दुखते, एवढं एक वाक्य तिच्या कानावर आलं असतं तर तिनं त्यांना जागचं हलू दिलं नसतं. डॉक्टरांना बोलावलं असतं, पायाची सोनोग्राफी झाली असती, औषध वाढलं असतं. वाचले असते का? वाचले असते बहुतेक. आणि दुखणारी पोटरी रगडायची नाही, हे तर नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरींनाही घोकून घेऊन शिकवतात.

तिला आणखी एक कळलं. तिनं कानिफनाथांना विचारलं होतं. त्यांच्या उशाशी बसलेल्या, दिवसभर त्यांचं करणाऱ्या बाईला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ही बाई नवऱ्यादेखत काय बोलली असती कोण जाणे. पण तिनं विचारलं नव्हतं.

रतनबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या. अश्विनीला विहीर आठवली. त्या उत्तर ऐकून आज संध्याकाळी घरी जाणार होत्या, आणि रेश्मा किती रात्री जागी राहणार होती?

"नाही मावशी," ती म्हणाली. "दाबल्यानं काही होत नाही."

"नक्की?"

"नक्की. पडून पडून सगळ्यांचेच पाय दुखतात. वॉर्डात कोणालाही विचारा. सगळ्यांच्या बायका दाबून देतात."

"आन मी सांगितलं असतं तर?"

"मी तपासली होती ना पोटरी. हातानं तपासली. काही नव्हतं तिथं. तुम्ही सांगितलं असतं तरी मी तेच केलं असतं."

तिचा आवाज कुठंही अडखळला नाही. रतनबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्या रडायला लागल्या. पदर तोंडात धरून, आवाज न करता, सगळं अंग हलत होतं. नवरा फरशीवर गेला तेव्हा त्या रडल्या नव्हत्या. अश्विनीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. हाताला मणके लागत होते.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले, नाक पुसलं. श्वास खाली बसला तसं त्यांच्या कपाळावर एक आठी आली.

"मग कशानं झालं?" त्यांनी विचारलं.

अश्विनीनं त्यांच्या पाठीवरचा हात तसाच ठेवला.

"पायाचं न्हाई म्हंता. मग चालवल्यानंच झालं की."

इथंही तिच्याकडे उत्तर होतं. नुसतं कुशीवर वळताना झालं असतं, संडासला बसताना झालं असतं. पण मग ती गाठ कुठून आली, हा प्रश्न पुन्हा निघाला असता, आणि रतनबाई पुन्हा त्या पोटरीपाशी जाऊन पोचल्या असत्या. दोन्ही दारं बंद करता येत नव्हती.

"असेल मावशी," ती म्हणाली.

"चांगले पडले हुते. नको म्हनत हुते." रतनबाईंचा आवाज चढला नाही, पण त्यात धार आली. आल्यापासून पहिल्यांदाच त्या आवाजात जीव होता. "मी म्हनत हुते टाके ओले हायेत, अशक्त हायेत. तुमीच मागं लागला. कशाला उठवलं वं त्यांना?"

अश्विनीनं मान खाली घातली. पाठीवरचा तिचा हात रतनबाईंनी खांदा हलवून दूर केला. मग गुडघ्यावर हात न टेकवता त्या बाकावरून उठल्या आणि सुनील उभा होता त्या रांगेकडे चालू लागल्या. मागं वळून बघितलं नाही.

अश्विनी तिथंच बसून राहिली. तिच्या मनात आलं, आता वर जावं आणि डॉ. लोंढ्यांना सांगावं. मेट्रनला सांगावं. सम्राटला तरी सांगावं, की ती नाडी दुखण्याची नव्हती, पाय दुखत होता, आपल्याला सांगितलंच नव्हतं. एकदा सांगितलं की वॉर्डातल्या बायका एकमेकींत बोलतील, पाथर्डीकडचे पेशंट इथं सारखे येतात, बोलणं गावापर्यंत जाईल. तिनं ते मनातल्या मनात सगळ्यांना सांगून बघितलं आणि नंतर कोणालाच सांगितलं नाही.

वर आली तेव्हा गोजरबाई पलंगावर टेकून बसल्या होत्या. ऑक्सिजन त्या दिवशी सकाळीच काढला होता. अश्विनीनं त्यांची नाडी एकदाच मोजली. छाती ऐकली, पाय बघितले. मग पलीकडे बसलेल्या सुनेला बाहेर व्हरांड्यात बोलावलं.

"आजी तुमच्याजवळ काही म्हणाल्या का, कालपासून? आम्हाला सांगू नको म्हणून काही?"

सून गोंधळली. "तसं न्हाई काय..." मग हळूच म्हणाली, "चहात बिस्कीट बुडवून खाल्लं पहाटं. कुनाला सांगू नको म्हनल्या."

"पाय? छाती? कुठं दुखतं म्हणाल्या?"

"न्हाई वं. तसं असतं तर सांगितलं असतं."

"नक्की आठवून सांगा."

"न्हाई खरंच."

अश्विनी आत गेली. निकिताला दुसऱ्या बाजूला उभं केलं. गोजरबाई "आज नको" म्हणाल्या, आणि अश्विनी म्हणाली, "आजच." उभं करताना ती मध्येच थांबली, तेव्हा गोजरबाईंनीच तिचं मनगट घट्ट धरलं. दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. पलंगावर बसल्यावर त्यांनी पाणी मागितलं. अश्विनी भांडं भरून आणायला गेली, आणि नळ चालू ठेवून कितीतरी वेळ तिथंच उभी राहिली.

त्यानंतर ती पूर्वीसारखी काम करू लागली, असं सगळ्यांना वाटलं. पेशंट उठवण्याआधी नातेवाइकाला बाजूला घेऊन विचारायची सवय तिनं वॉर्डातल्या सगळ्या पोरींना लावली. निकितानं एकदा कारण विचारलं. "पेशंट आपल्याला सगळं सांगत नाही," एवढंच ती म्हणाली.

तिसगाव, पाथर्डीकडून येणाऱ्या पेशंटच्या घरचे मात्र कधी कधी तिचं नाव विचारायचे आणि मग दुसरी सिस्टर मागायचे. एका बाईनं तर तोंडावर सांगितलं, "तुमी नका उठवू आमच्या मानसाला. आमी ऐकलंय." अश्विनी बाजूला झाली आणि तिनं निकिताला पाठवलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती वडिलांकडे घोडेगावला निघाली होती. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. नगरच्या स्टँडवर गर्दी होती. गाडीची वाट बघत ती रसवंतीच्या सावलीला उभी राहिली, आणि समोरच्या फलाटावर तिला सुनील दिसला. हातात पिशव्या होत्या. त्यानं तिला बघितलं. ओळखलं. पूर्वी हा मुलगा तिला लांबूनच नमस्कार करायचा. त्यानं तोंड फिरवलं आणि गाडीच्या पाटीकडे बघायला लागला.

त्याच्यामागं रतनबाई होत्या, सुनेबरोबर. त्यांनी अश्विनीला बघितलं नाही. सुनेशी काहीतरी वाद चालला होता, कुठल्यातरी खरेदीवरून, आणि रतनबाई हात नाचवून बोलत होत्या. गाल भरले होते. ब्लाउज अंगाला नीट बसला होता. पाठ सरळ होती, पाऊल नीट पडत होतं, धाप नव्हती. पाथर्डी गाडी लागली तशी गर्दी दाराकडे लोटली. रतनबाईंनी एका बाईला कोपरानं बाजूला सारलं, दांडा पकडला आणि सुनेच्या आधी वर चढून खिडकीची जागा धरली.

अश्विनी बघत राहिली. खिडकीतून रतनबाईंनी बाहेर हात काढून रसवंतीवाल्याला हाक मारली, तेव्हा अश्विनीनं पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला आणि दोन माणसांच्या मागं सरकून उभी राहिली. गाडी निघाली. धूळ बसेपर्यंत ती तिथंच होती. मग तिची गाडी आली. आत जागा नव्हती. दांड्याला धरून ती घोडेगावच्या फाट्यापर्यंत उभीच गेली.